थोरल्या साहेबांच्या काळात असं झालं नव्हतं

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आता तोही नाही. आणि ज्यांना ठाऊक होतं ते आमच्या चर्चचे थोरले पाळकसाहेब तर त्याच्याही आधी गेले. म्हणजे हे आता एकट्या माझ्यापाशी उरलंय. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका — मलाही नीट कळलेलं नाही. थकलेय, एवढं खरं. बोलून हलकं वाटेल असंही काही नाही. पण धरून ठेवायचाही आता कंटाळा आलाय.

आमची मंडळी लहान. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला, थोडीच घरं ख्रिस्ती. सगळे एकमेकांना ओळखून, एकमेकांवर लक्ष ठेवून. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायचा पाव आणि द्राक्षरस. त्याची तयारी माझ्याकडे असायची — शनिवारी मनुका उकळून रस गाळायचा, काचेचे बारके पेले धुवायचे, पावाचे तुकडे करायचे, टेबलावर पांढरं फडकं घालायचं. ऐन तरुणपणापासून हे काम मी केलं. लोक म्हणायचे, बाईंची भक्ती मोठी. मी बालवाडी चालवायचे, म्हणून सगळ्या गावाची बाई. भक्तीचं ऐकलं की मी हसायचे, नको-नको म्हणायचे. पण ते काम मला कसं मिळालं, हे कुणाला कधी सांगितलं नाही.

सांगू का?

माझा मुलगा रांगत होता तेव्हा त्याला गोवर निघाला. ताप हटेना. नवरा शाळेच्या कामाला नगरला गेलेला. शेजारची एक जण म्हणाली, बाई, तुमचा देव मोठा असंल, पण हे मरीआईचं हाय, तिला दहीभात ठेवा. आणि मी गेले. भर दुपारी, गाव रानात असताना, पदराखाली वाटी लपवून. बांधावरच्या मरीआईपुढे भात ठेवला, हात जोडले, पोराचं डोकं टेकवलं. जन्मापासून ख्रिस्ती घरातली मी! पण त्या वेळी माझा कुणावरच विश्वास नव्हता, किंवा सगळ्यांवरच होता — काय म्हणायचं त्याला?

आमच्याकडे याला नियम होता. अन्य देवापुढे हात जोडला, तर उपासनेच्या वेळी मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं आणि सहा महिने प्रभुभोजनाला बसायचं नाही. ‘उभं करणं’ म्हणायचे त्याला. लहानपणी मी एका म्हाताऱ्याला असं उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्याची मान वर आली नाही ती नाहीच.

त्या शनिवारी मी थोरल्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडत होते. म्हटलं, साहेब, मी उद्या जेवणाला बसू का नको? त्यांनी काय विचारलं माहीत आहे? पोराचा ताप उतरला का. उतरला, म्हटलं. मग म्हणाले, आमच्या हिचे हात दुखतात हल्ली, उद्याचं टेबल तू मांड. बस्स. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी पावाचं ताट माझ्यापुढे आलं तेव्हा इतरांपुढे जसं धरलं तसंच माझ्यापुढे धरलं.

घरी येताना सारखं हसू येत होतं. कृपा कृपा म्हणून जन्मभर ऐकलं होतं, ती मला त्या एका दिवशी कळली.

मग ती टिकली का नाही? हाच तर प्रश्न आहे. वर्षं गेली, साहेब गेले, आणि त्या आनंदाची मला हळूहळू लाज वाटायला लागली. कुणाला कळलं तर — ही धास्ती. मी कडक होत गेले. बायकांच्या सभेत कुणी कुंकू लावून आली तर सगळ्यांत आधी माझं लक्ष जायचं. जत्रेचं मटण कुणाच्या घरी शिजलं, हे मला वासानं कळायचं. ज्याला फुकट मिळालं त्यानंच हात असा आखडावा?

तर रत्ना. ती जामखेडकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला इकडे आली आणि इथंच राहिली. टोळीत ख्रिस्ती घर हे एवढंच. तोंडानं फटकळ, गळा गोड. गाणं उचललं की मागच्या बाकापर्यंत सगळे गायला लागायचे. माझ्यावर तिचा फार जीव. एका हंगामात उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहत असताना तिच्या पोरीला, एस्तेरला, तापानं घेरलं. टोळीतल्या बायकांनी पोरीला जवळच्या एका देवीला नेलं. रत्ना बरोबर गेली. दंडाला काळा दोरा बांधून घेतला.

आणि ती माझ्याकडे आली. शनिवारीच. मी मनुका गाळत होते. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, “बाई, म्या लेकराला तिथं निऊन टेकवलं. लई भ्याले हुते. आता उद्या जेवायला बसू का नको?”

तुमच्या लक्षात आलं ना? मी साहेबांना विचारलं होतं, तेच. आणि तिनं ते मलाच येऊन विचारलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — ये आत, पेले पुसायला लाग. पण मी म्हणाले, हे मला एकटीला ठरवता येत नाही, मंडळीच्या पंचांच्या कानावर घालावं लागेल. तिनं विश्वासानं सांगितलेलं मी दुसऱ्या दिवशी पंचांपुढे ठेवलं.

अजून खरी गोष्ट आलेली नाही. बघा, किती फिरवतेय मी.

पंच बसले. मलाही बोलावलं. तेव्हाचे पाळक नवे होते, तरुण, मऊ स्वभावाचे. त्यांना रत्नाला उभं करायचं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण जुन्या पंचांपुढे नियम मोडायचा कसा? त्यांनी वाट शोधली. माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. थोरल्या साहेबांच्या काळात असं कधी झालं होतं का? त्यांनी काय केलं होतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरल्या साहेबांचा शब्द म्हणजे आमच्याकडे शेवटचा. त्यांनी जे केलं असेल ते करायला तिथला प्रत्येक जण तयार होता, अगदी कडकातला कडक पंचसुद्धा. माझं नावही सांगायची गरज नव्हती. झालं होतं, साहेबांनी सोडून दिलं होतं — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणाले, “नाही. साहेबांच्या काळात असं झालं नव्हतं.”

भीती होती, हो. कोण होती ती, असं कुणी विचारलं असतं तर? पण नुसती भीती नव्हती. मला तिचा राग आला होता. मी पदराखाली लपवलं ते ही बाई दारात उभी राहून मोठ्यांदा कशी सांगते, याचा राग.

रत्ना उभी राहिली. पोर कडेवर होती, तिच्या कानातल्याशी खेळत होती. रत्नानं सगळं स्वच्छ सांगितलं, एकही शब्द गिळला नाही. मी पुढच्या बाकावर होते. त्यानंतर सहा महिने, पेले फिरायची वेळ झाली की ती आपली आपण उठायची आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायची. आतून तिची पाठ दिसायची. गाणं चालू असायचं, पण तिचा आवाज त्यात नसायचा. दर महिन्याला मला वाटायचं, आज सांगावं. दर महिन्याला मी फडकं घडी करून घरी यायचे.

मग ती परत टेबलापाशी आली. पण आली ती दुसरीच रत्ना. फटकळपणा गेला. कुणाचं काय चुकलं ते बघायला लागली. आज ती बायकांच्या सभेची अध्यक्ष आहे. माझे हात कापतात म्हणून टेबलही तीच मांडते. लोक म्हणतात, बाईंनी घडवलं हिला. खोटं नाही ते.

एस्तेर नर्स झाली. काष्टीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी तिनं नोंदणी लग्न केलं. मुलगा हिंदू. गेल्या महिन्यात ती तान्हं बाळ घेऊन आईच्या दारात आली. रत्नानं तिला आत घेतलं नाही. आताच्या पाळकांनी समजावलं, घरात तर घे. नाही म्हणजे नाही. आधी मंडळीसमोर उभी राहा, मग घर. पोर अंगणात थोडा वेळ थांबली, आणि भर उन्हात बाळाला घेऊन स्टँडवर निघून गेली.

संध्याकाळी रत्ना माझ्याकडे आली. डोळे सुजले होते, पण आवाज घट्ट. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, “बाई, तुमी तवा मला सोडलं न्हाई म्हनून मी देवाच्या वाटंवर ऱ्हायले. तुमच्यामुळंच आज मला लेकीला न्हाई म्हनायचं बळ आलं.”

साहेबांचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर कदाचित दुसऱ्याच दिवशी ती काष्टीची गाडी धरून गेली असती. कदाचित माझं तोंडही पाहिलं नसतं. दोन्ही व्हायला हवं होतं.

ती वाट बघत होती मी काय म्हणते याची. मी म्हणाले, “बरोबर केलंस, रत्ना.”