उठताना धरायचा हात

बायडी धवलेरी, म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. बेटेगावच्या आसपासच्या पाड्यांवर लग्न ठरलं की पहिला सांगावा तिला जायचा. वारल्यांच्या लग्नात देवीचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात, आणि धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही. मग नवरदेव बोईसरच्या कारखान्यात कितीही मोठा साहेब असो, नि मांडवाबाहेर कितीही मोठा डीजे लागो. बायडी चौकापुढे बसली की तासन्‌तास हलायची नाही. ते तिचं राज्य होतं. तिला त्याचा तोरा होता आणि तो शोभायचाही.

शेजारी सूर धरायला नवसी, तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लवकर गेले. तेव्हापासून दोघींची चूल एक. नवसीशिवाय बायडीचं पान हलत नसे.

गेल्या पावसाळ्यात बायडीचं बीपी वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. बायडी शेतावर असायची, म्हणून उपकेंद्रातून गोळ्या आणायचं काम नवसीकडे आलं. त्यानंतरच्या लग्नांत एक नवीन गोष्ट सुरू झाली. गाणं संपून बायडी उठू लागली की नवसी तिच्या कोपराखाली हात घालायची. “थांब गं बाय, घाई काय हाय,” म्हणायची. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण हात असायचा. बायडीला वाटे, वय झालं आपलं, आणि जाऊ किती माया करते. भोळी ती भोळीच.

मग भागीच्या मुलाच्या लग्नात तो हात आला नाही. गाणं मध्ये थांबलं तेव्हा बायडी सवयीने उठली, कोपराखाली हात शोधला आणि चौकापुढेच आडवी झाली. पिठाचं भांडं कलंडलं. बायका पाणी आणायला धावल्या. दोन हातांवर उभी असलेली नवसी मात्र जागची हलली नाही. ती भागीला हळूच म्हणाली, “देवी रुसली हाय तिच्यावर. आमी घरी बघतो ना.”

उरलेलं गाणं नवसीने एकटीने म्हटलं. देवी रुसल्याचं पाड्यांवर पसरलं, आणि पुढचे सांगावेही तिलाच येऊ लागले. बायडीने भगताला विचारलं, कोंबडं दिलं, आपलं काय चुकलं हे आठवून आठवून झोप घालवली. नवसी तिला रोज धीर देत होती, हे विशेष.

गोळ्या संपल्या तेव्हा नवसी लग्नांत गुंतलेली, म्हणून बायडी स्वतःच उपकेंद्रात गेली. चक्कर ऐकून समिधा सिस्टरने तिला आडवं करून बीपी मोजलं, मग उभं करून पुन्हा मोजलं. आकडा एकदम खाली आला.

“उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, मावशी,” समिधा म्हणाली. “मग शिरा आवळतात, काळीज जोरात चालतं, म्हणून डोक्याला रक्त पुरतं. तुमच्या गोळीने शिरा सैल पडल्यात, त्यांना वेळ लागतो. पाय हलवून, धरून, हळू उठायचं. गोळीचं मी डॉक्टरांना विचारते. पण हे सगळं मी नवसीमावशींना पहिल्याच खेपेला सांगितलं होतं की.”

देवी रुसली नव्हती. घरातलीच बाई सगळं जाणून होती. जाणून हात देत होती आणि जाणूनच तिने तो काढून घेतला होता. नवरा गेला तेव्हाही बायडीला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

जमनाच्या मुलीच्या लग्नात बायडी मागे, बायकांत बसली. गाणं मध्येच थांबलं, सगळ्या चहाला उठल्या. चार लोकांदेखत नवसीने येऊन तिच्या कोपराखाली हात घातला. “ऊठ बाय, मी धरते.”

बायडीने तो हात बाजूला केला. पाय लांब केले, बोटं हलवली, पोटऱ्या आवळल्या. मग गुडघ्यावर आली, मांडवाचा खांब धरला, थांबली आणि उभी राहिली. अंधारी आली नाही.

“सिस्टरनं शिकवलं,” ती म्हणाली. “तुला बी शिकवलं होतं ना गं, नवसी?”

नवसीची मान खाली गेली. भागी तिथेच होती, तिला सगळं उमगलं. जमनाही समजली. “बायडी,” ती म्हणाली, “पुढचं तू गा. बस चौकापुढं.”

बायडी खांब धरून उभीच राहिली.

“दोघींचं गाणं हाय ते, जमना,” ती म्हणाली. “माझी दुसरी कुठं हाय?”