राक्षसाने आता काय करायचं?

मे महिन्याच्या सुट्टीत मी राक्षस असे आणि उरलेलं वर्ष सरकारी कचेरीत कारकून. दोन्हींपैकी राक्षस म्हणून मी जास्त बरा होतो, हे आमच्या साहेबांनाही मान्य होतं. त्यांची दोन्ही मुलं माझ्यामुळे एकदा रडत घरी गेली होती.

आमची बालनाट्याची संस्था म्हणजे मुळात एक बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढरीशुभ्र साडी, आवाज असा की शेवटच्या रांगेतलं पोरही सरळ बसावं. नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि त्यांनीच बसवलेलं. नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या. गोष्ट साधी होती. राक्षस राजकन्येला पळवून नेतो, बोलका पोपट राजपुत्राला वाट दाखवतो आणि राजपुत्र राक्षसाला मारतो. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

माझा प्रवेश रंगमंचावरून नसे. प्रेक्षागृहाचे दिवे घालवायचे आणि मी मागच्या दारातून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, पाय आपटत यायचं. कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून करून घेतलेला कागदाच्या लगद्याचा मुखवटा, त्याला दोन शिंगं, आत माझा घामाघूम चेहरा. एकच कल्लोळ व्हायचा. बाई दाराशी उभ्या राहायच्या आणि एखाद्या आईला रडणारं मूल कडेवर घेऊन बाहेर जावं लागलं की नंतर म्हणायच्या, "आज बरे झालात." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. प्रयोग संपला की बाहेर पोरांसमोर मुखवटा काढायचा, असा आमचा रिवाज होता. "बघ, हे काका आहेत," असं आया समजावायच्या आणि मघाशी थरथरणारी पोरं शिंगांना हात लावायला रांग लावायची. घाबरवायचं आणि मग भीती काढून द्यायची, एवढं माझं काम. मला ते छान जमायचं आणि त्याचा मला गर्वही होता, उगाच कशाला खोटं बोलू?

मग घरोघरी केबल आली. पाठोपाठ टीव्हीला जोडायचे खेळ आले. एका प्रयोगाला राजपुत्राने मला तलवारीने मारलं, मी नेहमीसारखा धाडकन पडलो, पोपट आनंदाने ओरडला आणि मधल्या रांगेतून एक पोरगं उभं राहून म्हणालं, "एवढ्यात नाही मरत तो! त्याला अजून दोन लाइफ असतील!"

सगळा हॉल त्याच्या बाजूने झाला. "ऊठ! ऊठ!" मी डोळे मिटून पडलेला. उठू की नको, काही कळेना. एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं तर बाईंच्या कपाळावर आठी. शेवटी मी पडूनच राहिलो आणि पडदा पडला तेव्हा टाळ्यांऐवजी कुरकुर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तालमीला येताच फर्मान काढलं, "अहो राक्षस, आजपासून तुम्ही तीनदा मरायचं."

तीनदा मेलो. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा होऊन उठायचं, म्हणजे खांद्यावर उशा वाढवत जायचं. माझे गुडघे कामातून गेले, पण हॉल परत भरायला लागला. पोरं माझं मरण मोजायची. भीती मात्र कुठेतरी गेली होती. आता ती मला पाहून किंचाळत नव्हती, राजपुत्राला सूचना देत होती. "डावीकडून मार! वर उडी मार!" मला वाटे, मी राक्षस आहे की सोडवायचं गणित? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "प्रेक्षकांना काय हवंय ते बघा, तुम्हाला काय वाटतं ते घरी बघा."

त्यानंतरच्या सुट्ट्यांत आणखीच घोळ झाला. पोरं माझ्याच बाजूने ओरडायला लागली. राजपुत्र आला की हुर्यो, मी आलो की टाळ्या. बाईंनी मला एक गाणं दिलं. मला गाता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण तेही म्हणे आवडलं. आणि याच सुमारास आईवडील कुरकुरायला लागले की फार घाबरवू नका, मुलं झोपेत दचकतात. अहो, पण घाबरत कोण होतं? एक तरुण बाप प्रयोगानंतर मला मुद्दाम भेटला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, शनिवारीही काढायचं विसरलेला. म्हणाला, "काका, लहानपणी मी तुम्हाला बघून खुर्चीखाली लपलो होतो. काय मज्जा आली होती! अजून आठवतं." मी खूश. मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण माझ्या मुलासाठी जरा सौम्य करा ना." जी मजा त्याला आयुष्यभर पुरली ती मुलाला का नको, हे मला काही केल्या उमगेना. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यालाही उमगलं नसावं.

शेवटी एका सुट्टीत हॉल अर्धाही भरेना. मॉलमध्ये खेळांची दालनं झाली होती, सुट्टीतली शिबिरं निघाली होती. बाई थकल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "हिंजवडीच्या एका कंपनीने कुटुंब-दिनाला बोलावलंय. तिथे जमलं तर अशी बोलावणी येत राहतील. नाही जमलं तर हे नाटक बंद." कचेरीतून निवृत्त व्हायला मला वर्ष उरलं होतं. राक्षसपणही गेलं तर मी उरणार कोण?

कंपनीतल्या एका मॅडमनी फोनवर अटी सांगितल्या. कुणी रडता कामा नये. मारामारी नको. तलवार चालेल, पण वापरायची नाही. शेवटी राक्षस चांगला निघायला हवा आणि सगळ्यांनी मिळून नाचायचं. बाईंनी एका संध्याकाळी बसून सगळं बदललं. आता राक्षस राजकन्येला पळवत नव्हता, तिला वाढदिवसाला बोलावत होता. मी विचारलं, "मग राजपुत्र तिला सोडवायला येतो तो कशाला?" बाई म्हणाल्या, "येऊ दे. त्याचा पोशाख चांगला आहे."

तेव्हा राजपुत्राचं काम करणारा मुलगा विदर्भातून शिकायला आलेला, रात्री कॉल सेंटरला जायचा आणि तालमीत पोपटाचे संवाद चालू असताना भिंतीला टेकून झोपायचा. पण तलवार हातात आली की कसा उभा राहायचा! आपल्या गावी सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की पुण्यात मी नाटकात राजपुत्र आहे.

हिंजवडीला काचेच्या इमारतीतल्या हॉलमध्ये भर दुपारी प्रयोग झाला. दिवे घालवता येईनात, कारण ते आपोआप लागायचे. मी मधल्या वाटेने आलो तर पोरांनी माझ्याशी हात मिळवले. गाणं झालं, वाढदिवसाचा केक झाला, आणि मग राजपुत्र ऐटीत आला, छाती काढून, तलवार उगारून. आला आणि थांबला. त्याला पुढे काही नव्हतंच. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "ये मित्रा, नाचूया!" गाणं लागलं, पोरं रंगमंचावर चढली, आया चढल्या, मॅडमसुद्धा चढल्या. गुडघ्यांची पर्वा न करता मी नाचलो. बाई विंगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना टाळ्या वाजवताना मी पाहिलं नव्हतं.

परतताना बसमध्ये बाईंनी सांगितलं, आणखी तीन कंपन्यांनी विचारलंय. नाटक वाचलं. आम्ही सगळे खूश होतो. मीही खूश होतो, असं मला वाटत होतं. राजपुत्र माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काका, नाच चालू होता ना, तेव्हा एक छोटी पोरगी माझ्याकडे आली. मला म्हणते, तू घरी जा. इथे काही होणार नाहीये."

आम्ही दोघं खो खो हसलो. पुढच्या सीटवरून बाईंनी वळून विचारलं, काय झालं? त्याने पुन्हा सगळं रंगवून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. पुढच्या वर्षी राजपुत्र काढून टाकू."

तो हसतच राहिला, आधी खरं, मग नुसतं तोंडाने. मला काहीतरी बोलायला हवं होतं. राक्षसाने राजपुत्राची बाजू कशी मांडायची? आणि मांडली तरी नाटक चालणार होतं राक्षसाच्या नाचावर. बाई चेष्टा करत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या मे महिन्यात तालमीला राजपुत्र नव्हता. पहिल्याच प्रयोगाला हॉल तुडुंब भरला. तो का नाही, हे कुणी विचारलं नाही. एका पोरानेही नाही. डाव्या विंगेतून आता कुणी येणार नाही हे ठाऊक असून मी तिकडे पाहत राहिलो आणि त्या नादात नाचताना पावलं चुकलो. राजकन्येवर आदळलो, केकवर पडलो. मुलांना तेही फार आवडलं. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून ते नाटकात घेतलं.