वर पीठ, खाली रवा

"कोण म्हणते?"

असं विचारताना मॅडम आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या. मग समोरच्याकडे थेट बघत राहायच्या, उत्तर येईपर्यंत. ते बहुतेक वेळा यायचंच नाही. या वयात जिना टाळा, रात्री दही खाऊ नका, बँकेत एकट्या जाऊ नका, कुठल्याही उपदेशावर त्यांचा हा एकच प्रश्न. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल, तर उपदेश करणाऱ्याचं पुढे काय होतं हे मी सांगायला नको.

मॅडम गेल्या. झोपेत हृदय थांबलं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तर तिथे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "त्या वयात बर्फात जायचं म्हणजे अतीच झालं. त्यानंच झालं असणार." बर्फाला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. माझं डोकं असं तापलं की चहा न घेताच उठले. घरी येऊनही तापलेलंच होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. सदाशिव पेठेत माझं क्लिनिक आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना चढून यायचं आणि वर आल्यावर जिन्याबद्दल तक्रार करायची नाही, असा इथला रिवाज आहे. दारावर पाटी आहे: 'दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. वाजवल्यास उघडणार नाही.' ती मीच लिहिली आहे आणि पाळतेही.

मॅडम सर्जनची चिठ्ठी घेऊन आल्या. दोन्ही गुडघे झिजलेले, बदलावे लागणार, तोवर व्यायाम द्यावा.

"किती दुखतं, काकू?" मी विचारलं.

"काकू कोणाची? मॅडम म्हणा. नोकरी करून कमावलं आहे ते."

आमच्या पेठेत पन्नाशी ओलांडली की बाईची आपोआप काकू होते. या झाल्या नाहीत. त्या मूळच्या चंद्रपूरकडच्या, वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. पुढे पाटबंधारे खात्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत खडकवासल्याला राहिल्या. धरणात आज किती पाणी आहे, हे रोज सकाळी वर कळवायचं काम त्यांचं. "पुणे आंघोळ करणार की नाही, हे आधी मला कळायचं," म्हणायच्या.

निवृत्तीनंतर सकाळी कळवायला काही उरलं नाही. मग बर्फ आला. मुलगा खराडीत नोकरीला. त्याची कंपनी आल्प्समधल्या एका स्कीइंगच्या गावाची वेबसाइट सांभाळते. तो घरून काम करत असताना मॅडमनी त्याच्या लॅपटॉपवर पांढरा उतार पाहिला, त्यावरून घसरत येणारी माणसं पाहिली, आणि त्यांना कळलं की तिथेही कोणीतरी रोज सकाळी बर्फ मोजून कळवतं. झालं. त्या दिवसापासून गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून माझ्या टेबलावर आडव्या पडल्या की मोबाइल डोळ्यांसमोर धरायच्या आणि वार्तापत्र सुरू.

"आज वर पीठ, खाली रवा. वारा सुटला आहे, वरचे पाळणे बंद."

पीठ म्हणजे ताजा, कोरडा, भुरभुरीत बर्फ. रवा म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला, दाणेदार. वरून कडक आणि खाली पोकळ असेल तर पापडी. उन्हानं पातळ झाला तर लापशी. पाळणे म्हणजे माणसांना उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या, दोरावरच्या खुर्च्या. ही सगळी नावं त्यांनीच ठेवलेली. पंधरवड्यात माझे सगळे पेशंट या भाषेत तयार झाले. खांदा आखडलेले एक निवृत्त प्राध्यापक आत येतानाच विचारायचे, "काय मॅडम, आज रवा की लापशी? म्हणजे घरी नाश्ता करून यायचं की नाही ते ठरवता येईल."

मग कंपनीनं मुलाला फेब्रुवारीत त्या गावी पाठवायचं ठरवलं. मॅडमनी त्याला सांगितलं, "मी पण येते. बघायला नाही. घसरायला."

दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्याकडे. सरळ पोरगा, डोळ्यांत झोप नसलेली. "तुम्ही तिला नाही म्हणा. माझं ती ऐकत नाही. परक्या गावात पडली, तर मी काय करू?" त्याची भीती खरी होती. त्याला दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "मॅडम, या गुडघ्यांवर नाही जमणार."

चष्मा कपाळावर. "कोण म्हणते?"

"मी म्हणते. सर्जनही म्हणतील."

"सर्जन म्हणते गुडघे बदला. म्हणजे हे जुने भंगारात जाणार ना? मग टाकूनच द्यायची वस्तू जपून काय करू? पुरती वापरून देते. नवे बसवले की तुम्हीच म्हणाल, महागाचे आहेत, जपा."

पुण्यात जन्म गेला माझा. काटकसरीचा असा हिशेब मीसुद्धा ऐकला नव्हता. (परत आल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे नवे गुडघे बसवले, आणि "यांनी काहीच पाहिलेलं नाही," म्हणून त्यांना नावं ठेवत राहिल्या.)

मग पिशवी बाजूला ठेवून त्या उठून बसल्या. "डॉक्टर, ही जागा तुमची नाही, असं मला जन्मभर लोक सांगून राहिले. विहिरीवर सांगितलं. वर्गात सांगितलं. ऑफिसात पहिल्या दिवशी शिपायानंही सांगितलं. आता डोंगर सांगत असेल, तर त्याच्या तोंडून ऐकते. तुमच्या नाही."

मी त्याच दिवशी सर्जनना फोन केला. ते चिडले, मग शांत झाले, मग म्हणाले, "शिकाऊंचा उतार, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि एकदाच." तेवढं मला पुरेसं होतं.

तयारी सुरू झाली. बुटांखाली दोन लाकडी पाट बांधून मॅडम गुडघे वाकवून उभ्या राहायच्या. त्याहून जास्त वेळ मी त्यांना जमिनीवर झोपवून उठायला लावलं. पडायचं कोणाला शिकवावं लागत नाही, उठायचं शिकवावं लागतं. कुशीवर, मग हाताचा रेटा, मग एक गुडघा. मी हात पुढे केला की तो बाजूला सारायच्या.

प्राध्यापक म्हणाले, "डॉक्टर, खाली पाटी लावा. 'येथे बर्फ मिळेल.'"

"लावू ना," मॅडम जमिनीवरूनच म्हणाल्या. "तुमचा हात वर गेला की खिळा तुम्हीच ठोका."

आणि नेमका त्या हिवाळ्यात बर्फच पडेना. जानेवारी संपत आला तरी त्या गावच्या वेबसाइटवरच्या कॅमेऱ्यात हिरवं गवत आणि थांबलेले पाळणे. मॅडम रोज यायच्या आणि जे होतं तेच सांगायच्या. "आज काही नाही. चिखल." धरणाचं पाणीही त्यांनी कधी वाढवून सांगितलं नसणार. मुलगा माझ्यासमोर म्हणाला, "आई, गवत आहे गं तिथे. रद्द करू. ऑपरेशनची तारीख घेऊ."

"जूनमध्ये धरणाचा तळ दिसते," मॅडम म्हणाल्या. "म्हणून कोणी पावसाळा रद्द करते का?"

कॅमेऱ्यात गवत असतानाच त्या मुलाबरोबर निघाल्या. बॅगेत गुडघ्यांचे पट्टे आणि बाजरीच्या पिठाचे लाडू. दोन दिवस काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, एकाच शब्दाचा: "पीठ."

शिकाऊंच्या उताराखाली एक कॅमेरा आहे, त्याचं चित्र काही मिनिटांनी बदलतं. मॅडम तिथल्या सकाळी दहाला उतरणार होत्या. म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. पाटी लावल्यापासून त्या वेळेला मी दार कधी उघडलेलं नाही. त्या दिवशी उघडलं, तर प्राध्यापक जिन्यात पायरीवर बसलेले.

"बेल का नाही वाजवलीत?"

"वाजवू नये असं लिहिलं आहे," ते म्हणाले आणि आत आले.

आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. पहिलं चित्र: पांढरा उतार आणि अगदी वर एक नारिंगी जॅकेट. दुसरं: जॅकेट उताराच्या मध्यावर, गुडघे शिकवल्यासारखे वाकवलेले. प्राध्यापक "वा" म्हणाले. तिसरं: जॅकेट आडवं.

"पडल्या," ते म्हणाले. हो म्हणणारी मीच होते.

चौथं चित्र यायला फार वेळ लागला. मॅडम अजून खालीच. तिथला शिकवणारा त्यांच्यावर वाकून हात पुढे करतोय, आणि कडेनं मुलगा धावत येतोय. "हात देऊ नका त्यांना," मी स्क्रीनला मोठ्यांदा सांगितलं.

पाचव्या चित्रात, पडल्या होत्या तिथे कोणीच नव्हतं. शिकवणारा आणि मुलगा जागच्या जागी उभे, खाली बघत. त्यांच्यापासून खाली गेलेल्या, पायांतल्या फळ्यांच्या दोन रेघा. पाचवं चित्रही तेवढंच रेंगाळलं. मी मुलाला लावायला फोन हातात घेतला.

मग सहावं आलं. मॅडम कॅमेऱ्याच्या अगदी खाली, दोन्ही फळ्यांवर उभ्या. एक बाजू बर्फानं माखलेली. जवळ कोणी नाही. बर्फाचा गॉगल त्यांनी कपाळावर सरकवला होता, आणि थेट आमच्याकडे बघत होत्या, उत्तर येईपर्यंत बघत राहणार असल्यासारख्या.