मास्तरांची पायपेटी

चिखलीत त्या वेळी पायपेटी एकच होती आणि ती आमच्या मास्तरांच्या ओसरीवर होती. तिचं खरं नाव ऑर्गन. पण पायांनी भाता मारायचा नि हातांनी सूर काढायचा, म्हणून गावानं तिची पायपेटी करून टाकली. मास्तर मूळचे जानेफळचे. मिसरूड फुटायच्या वयात एका संगीत नाटक कंपनीमागं पळून गेले आणि कंपनी मोडल्यावर ही पेटी घेऊन परत आले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी शाळेच्या वरच्या वर्गात होते, प्रार्थनेला हातपेटी वाजवायची आणि स्वतःला फार मोठी समजायची. आमच्या मळ्यातली वांगी-मेथी बाबा मास्तरांच्या घरी पोचवत. त्या ओळखीवर मी शिकायला जाऊ लागले.

संधिवातानं मास्तरांची बोटं वाकडी झाली होती. पहिल्याच दिवशी ती मला दाखवत ते म्हणाले, "जनम गेला रंगमंचाखाली बसून. लोक म्हनत, लय गोड वाजवता. मले काय ठाऊक? मले माह्यं वाजवणं एकदा समोर बसून आयकाचं हाय. आता तुह्या हातानं आयकतो." ऐकून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर अंगावर मूठभर मांसही चढलं.

ते लवकरच उतरलं. कितीतरी दिवस त्यांनी मला पट्ट्यांना बोटच लावू दिलं नाही. नुसते पाय मारायचे. मास्तर खुर्चीत बसून जुनं पद गुणगुणत आणि त्यांनी दम घेतला की माझ्या पायांनीही घ्यायचा. कंपनीच्या काळात माईक नव्हता; पेटी मोठी झाली की नटाचा गळा बुडायचा. म्हणून जुने लोक गाणाऱ्याच्या मागं मागं चालत. माझ्या कानात रेडिओवरची सिनेमाची गाणी. बोटं लावायची परवानगी मिळाली तशी मी पेटीभर धावायला लागले. एकदा सूर फाटला तेव्हा भात्याची पायाखालची फळी कुरकुरते अशी तक्रार केली. मास्तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्या वर्षी गणपतीत मास्तरांच्या कंपनीतले एक गायक नट गायला येणार होते. मंडळानं मास्तरांना साथीला बोलावलं, तर त्यांनी माझं नाव पुढं केलं. गायक दुपारीच आले आणि ओसरीवर तालमीला बसलो. त्यांनी पद उचललं. मी सगळं जिथल्या तिथं भरून काढत होते, कुठं म्हणून रिकामं ठेवलं नाही. मास्तर खुर्चीतून हळूच म्हणाले, "जागा सोड."

मी उठले. राग माझ्या नाकावरच असायचा. चपला पायात घालून मी पायरी उतरले.

"कुठी चालली वं?"

"तुमीच म्हनलं ना, जागा सोड."

दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले आणि मग इतके हसले, की गायकांना ठसका लागला. आमच्या घरात या शब्दांचा अर्थ एकच होता: ऊठ, मोठ्या माणसाला बसायचं आहे. कंपनीच्या भाषेत मात्र जागा म्हणजे चालीतलं ते ठिकाण, जिथं गाणारा स्वतःचं काही वळण घेतो. तिथं पेटीनं एक बारीक सूर धरून गप्प राहायचं.

मला हसू आलं नाही. डोळे भरून आले होते. मास्तर काठी टेकत पायरीपर्यंत आले. "अवं, त्याच्या गळ्याची जागा सोड म्हनलं. तुह्यी जागा तुले कोन मांगते? ये, बस."

बसले. संध्याकाळी मांडवात मास्तर पहिल्या रांगेत धुतलेलं धोतर नि टोपी घालून बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. गायकांच्या छातीकडं बघत पाय मारत होते. ते वर चढू लागले की मी मागं सरत होते. सोपं नव्हतं ते. बोटं धावायला शिवशिवत होती.

मांडव रिकामा झाला तशी मी धावत गेले. मास्तर उपरण्यानं डोळे पुसत होते.

"आयकलं का, मास्तर?"

"काय गायला हो गडी. या वयात असा गळा. त्या शेवटच्या पदात तर..." असं म्हणून ते गाण्याबद्दलच बोलत राहिले. किती तरी वेळ.

"अन् पेटी?"

ते थांबले. बाजारात ज्यासाठी जावं तेच विसरून घरी यावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पेटीकडं ध्यानच गेलं नाही, पोरी."

मला रडू कोसळलं. एवढ्यासाठी तर ते समोर बसले होते. त्यांना हवं होतं ते माझ्या हातून काही त्यांना मिळालं नाही, असंच मला वाटलं. मास्तरांनी मला पोटभर रडू दिलं. मग माझ्या डोक्यावर ती वाकडी बोटं ठेवून म्हणाले, "ध्यान गेलं नाही ना? मंग ते माह्यंच वाजवणं होतं."