मंडळाच्या साइटची एरर

लालबागच्या आमच्या मंडळाची वेबसाइट मी पीएचपी या कोडिंगच्या भाषेत बांधली, कुठलाही क्लास न लावता. ते काम मिळवायला मी दोन कंपन्यांशी टक्कर घेतली होती. गणपतीच्या तोंडावर एका सकाळी साइट कोरी दिसू लागली. एरर छापायला मी mysqli_error लिहिलं होतं, पण स्क्रीनवर काहीच उमटेना. मी होस्टिंगवाल्याला फोनवर फैलावर घेतलं, वर भरपाईही मागितली.

तेवढ्यात माझा वर्गमित्र मंडळाच्या ऑफिसात डोकावला. आमच्याच चाळीतला, पण आता लोअर परळला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत.

“अरे, डेटाबेसशी जोडणीच झाली नाही, तर त्या जोडणीला काय विचारतोस? जोडणी का फसली ते सांगणारं mysqli_connect_error लाव,” तो चहा पीत म्हणाला.

लावलं, आणि पासवर्ड चुकतोय हे लगेच कळलं. आमच्याकडे नवी कमिटी आली की कपाटांची कुलपं बदलतात. नव्या सेक्रेटरीने त्याच झपाट्यात डेटाबेसचा पासवर्डही बदलला होता, मला न सांगता.

सेक्रेटरी तिथेच बसला होता, पण त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट तोच माझ्या मित्राच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “भाऊ, पुढच्या वर्षीपासून साइट तूच बघ ना!”

माझं डोकं सणकलं.

“छे रे, मला कुठे वेळ?” मित्र हसला आणि निघून गेला.

साइट अजून मीच सांभाळतो. पण भांडून मिळवलेलं काम आता त्याने नको म्हटलं म्हणून माझ्याकडे आहे, हे काही केल्या पचत नाही.