बाबांचं प्रॉम्प्टिंग

माझे बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या कामगारांच्या नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत वही धरून उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच द्यायचं, एवढंच त्यांचं काम. प्रयोग रंगला की हार नटांना मिळायचे आणि बाबा त्यातच खूश. मला मात्र लहानपणापासून या खुशीचा राग यायचा.

पंचेचाळिशीत मलाच अभिनयाचं खूळ लागलं. सांताक्रूझला एका विद्यापीठाच्या आवारात कलाकेंद्र आहे. खाली चित्रकलेचे वर्ग, वर छोटं नाट्यगृह. तिथल्या संध्याकाळच्या वर्गाला मी नाव नोंदवलं. ऑफिसातून थेट तिकडे जायचे. जिन्यात रंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा, आणि दिवसभराचा शीण अर्धा तिथेच उतरायचा.

परीक्षेला एकटीने वीस मिनिटांचा प्रवेश करायचा होता. पुनर्विकासात जाणाऱ्या खोलीतलं सामान बांधणारी एक बाई, तिचं स्वगत. पाठांतर बाबा घ्यायचे. आठवड्याभरात त्यांचं माझ्याआधी पाठ झालं. अडचण एकच. मी जरा थांबले की त्यांना वाटायचं, अडली. लगेच पुढचं वाक्य हजर.

"बाबा, तो पॉझ आहे!"

"एवढा मोठा? लोक उठून जातील गो."

रंगीत तालमीला त्यांना नेलं, ही माझीच चूक. ऐन रडण्याच्या जागी मी थांबले आणि तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाजात वाक्य आलं. सगळे हसले. सरही हसले, पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "परीक्षेत असं झालं तर मार्क जातील, बरं का." घाटकोपरला घरी येईपर्यंत मी रिक्षात बाबांना नाही नाही ते बोलले. "आयुष्यभर दुसऱ्यांचीच वाक्यं सांगत बसलात. माझं तरी मला बोलू द्या." ते रस्त्याकडे बघत राहिले.

परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "तोंड उघडणार नाही," म्हणाले. मला नाही म्हणवेना.

आणि मी अडले. या वेळी खरीखुरी. निम्मा प्रवेश झाला होता आणि पुढचं काही म्हणता काही आठवेना. दोन्ही परीक्षकांनी मान वर केली. मी बाबांकडे पाहिलं. त्या अख्ख्या नाट्यगृहात ते वाक्य फक्त त्यांना येत होतं, आणि त्यांनी ते द्यावं असं मला जिवाच्या आकांताने वाटत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

शेवटी मधलं पानभर गाळून मी पुढे उडी मारली आणि कसंबसं संपवलं.

बाहेर जिन्यात आल्याआल्या मी त्यांच्यावरच भडकले. "अहो, एक शब्द तरी द्यायचा ना! आठवत नव्हतं का?"

"सगळं आठवत होतं," बाबा म्हणाले. "पण तू परत ओरडली असतीस ना गो."

चित्रकलेची मुलं कॅनव्हास घेऊन आमच्या बाजूने वर-खाली करत होती. मला तोंड वर करून बाबांकडे बघवेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा बाप मला घाबरून गप्प बसला होता.