हातोडीचं नाणं

आमच्या आईला नाणं दाखवायचं तर आधी ते नीट धरायला शिकावं लागतं. कुणी कडेने न धरता चिमटीत धरलं, की ती आधी त्याची खरडपट्टी काढते आणि मग नाव विचारते. तरी लोक येतात. तिने सगळी नोकरी टांकसाळीच्या तपासणी विभागात केली, आणि निवृत्तीनंतर आमचं जेवणाचं टेबल हाच तिचा विभाग झाला आहे. भिंग, दिवा आणि शिव्या, तिन्ही तिथेच असतात.

येणाऱ्यांना एकच विचारायचं असतं, हा डाग टांकसाळीतला की बाहेरचा? टांकसाळीतला असला तर संग्राहक नाणं डोक्यावर घेतात, बाहेरचा असला तर ते नुसतं खराब नाणं. ओळखायची रीत सोपी आहे. नाणी छापतो तो पोलादी ठसा. ठशावर ओरखडा पडला, की छापताना धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नाण्यावरची रेघ खोल असेल, तर ती कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीने पाडलेली. एवढं सांगूनही लोक पुन्हा तेच विचारतात आणि आई भडकते. मीही भडकते, कारण तोवर चहा मलाच करावा लागतो.

पण तिचा खरा राग जुना होता आणि तो मामासाठी होता. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो त्याच टांकसाळीत प्रेस चालवायचा. बाबाही तिथलेच, प्रेस जुळवून देणारे फिटर. तरुणपणी मामाचं डोकं फार लवकर तापायचं. एकदा सुपरवायझरशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. त्या वेळी त्याच्या हातात हातोडी होती, आणि पाळी संपताना त्याच्या प्रेसवरचा ठसा खराब झालेला सापडला. झालं, चौकशी बसली. रागाच्या भरात ठशावर हातोडी मारली असा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं. सख्खी बहीण म्हणून आईला चौकशीच्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. ठसा वितळवला, नाणी बाजारात गेली, मामाचं ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याला हातोडी हे नाव पडलं.

तेव्हापासून मामाने आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. तो सायकली दुरुस्त करतो. गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी याची मान खाली. त्याच्या वाटचं चिडणंही आईच करायची. सुपरवायझर वारला तेव्हा ती त्याच्या घरी गेली नाही, आणि का गेली नाही हे तिने सगळ्या गल्लीला ऐकवलं.

गेल्या महिन्यात एक नाणेविक्रेता आला. त्याने टेबलावर मूठभर नाणी मांडली आणि मोठ्या चवीने सांगायला लागला, की ही हातोडीची नाणी, एका माथेफिरूने ठशावर हातोडी घातली होती. आपण कुणाच्या घरात बसलोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. आता भिंग याच्या टाळक्यात बसणार, म्हणून मी उठून उभी राहिले. पण आई म्हणाली, नाणी ठेवून जा, उद्या या. ती नाणी तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

दुपारभर ती दिव्याखालून हलली नाही. मग मला आणि बाबांना हाक मारली. हातोडी बसली असती तर एकाच जागी फुगवटा आला असता, आणि तो सगळ्या नाण्यांवर सारखाच दिसला असता. इथे केसासारख्या उंच रेघा होत्या, एका दिशेच्या, कडेकडून आत गेलेल्या. एका नाण्यावर त्या जेमतेम दिसत होत्या, पुढच्यावर वाढल्या होत्या, शेवटच्यावर तर झुपकाच होता. म्हणजे ठशावर कुणी काही मारलं नव्हतं. काहीतरी त्याला सारखं घासत होतं.

कोरी चकती ठशावर सरकवणारं एक लोखंडी बोट प्रेसला असतं. ते जरा खाली बसलं, की दर खेपेला ठशाला घासतं. माझ्या भावाने ठशाला हातही लावला नव्हता, असं म्हणून आईने टेबलावर मूठ आपटली. सुपरवायझरचा उद्धार झाला, चौकशी करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा झाला. ते बोट जुळवताना खाली कागद सरकवून बघायचा असतो, एवढंही त्या गाढव फिटरला, असं म्हणता म्हणता ती थांबली.

बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"तुम्ही कागद सरकवून बघितला होता?" आईने विचारलं.

"नाही. नजरेनेच लावलं. पाळी बदलायची घाई होती."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"ठसा बघितला तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या बाबांना लोक देवमाणूस म्हणतात. ते कुणाला उलट बोलत नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. मूग गिळून बसलेल्या माणसाला शांत म्हणायची लोकांना सवयच असते, आणि मीही त्या लोकांतलीच निघाले.

आईने नाणी रुमालात बांधली आणि बाबांना मामाच्या दुकानात नेलं. मीही मागोमाग गेले. तिथे तिने बाबांना सगळं त्यांच्याच तोंडाने सांगायला लावलं. मामाने ग्रीसचे हात पुसले, भिंग घेतलं आणि एकेक नाणं कडेने धरून बघितलं. आता तरी हा ओरडेल, असं मला वाटत होतं. मनातून तसं हवंही होतं.

"भाऊजी, तेव्हा तुम्हीच रोज येऊन माझ्याजवळ बसायचात," तो म्हणाला. "जाऊ दे म्हणायचात, रागात होतं माणसाच्या हातून. भांडणानंतरचं मला नीट आठवत नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी मानलं, मारली असेल मीच."

मग तो आईकडे वळला. "ताई, तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडायचीस ना, तेव्हा मला लाज वाटायची. वाटायचं, हिला खरं माहीत नाही."

बाबा काहीतरी बोलायला गेले. आईने त्यांना दुकानाबाहेर व्हायला सांगितलं. त्या दिवशी मी आणि बाबा दोघंच घरी परतलो.